रिलीजच्या दोन वर्षे आधी: फौजेतून बँकेत जाताना

चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांत पेन्शन घेऊन परतलेला जवान पहिले वर्ष घराचे बांधकाम, विहिरीवरची पाइपलाइन आणि राहून गेलेली लग्नकार्ये यांत घालवतो, आणि हाताशी वेळ उरू लागला की बँकेच्या जाहिरातींकडे वळतो. हा क्रम उलटा असायला हवा. विहित सेवाकाळ संपायला एक वर्ष किंवा त्याहून कमी अवधी उरला असेल, तर युनिटच्या प्रमाणपत्रासह गणवेशात असतानाच माजी सैनिक प्रवर्गातून अर्ज करता येतो. म्हणजे अभ्यासाला आणि कागदपत्रांना त्याच्याही एक वर्ष आधी हात घालावा लागतो.

प्रथम कोणत्या पदासाठी प्रयत्न करायचा ते ठरवावे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये लिपिक पदांपैकी १४.५ टक्के आणि शिपाई-रक्षक अशा दुय्यम पदांपैकी २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात. दोन्हींतील साडेचार टक्के जागा अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्या जवानांचे कुटुंबीय यांच्यासाठी राखलेल्या असतात. अधिकारी पदांसाठी मात्र असे आरक्षण नाही, केवळ वयात पाच वर्षांची सवलत मिळते. प्रोबेशनरी ऑफिसरची कमाल वयोमर्यादा साधारणतः ३० असल्याने ती ३५ वर थांबते, आणि सतरा वर्षे सेवा करून आलेल्या हवालदाराला हे दार बंद झालेले असते. कॅप्टन किंवा त्याहून वरच्या हुद्द्यावर पाच वर्षे कमिशन्ड सेवा झालेल्यांसाठी बँका सुरक्षा अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र जाहिराती काढतात. तो मार्ग वेगळा आहे, त्यामुळे येथे त्यावर अधिक लिहीत नाही.

लिपिक पदासाठी वयाचे गणित वेगळे आहे आणि ते अनेकांना ठाऊकच नसते. प्रत्यक्ष सेवेची वर्षे अधिक तीन, अशी सवलत मिळते. अट एवढीच की वय पन्नासपेक्षा अधिक नसावे. एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन छत्तिसाव्या वर्षी घरी आलेल्या जवानाची सतरा वर्षे आणि वरची तीन धरली, तर २८ ची मर्यादा त्याच्यासाठी ४८ होते. घाईने मिळेल ती नोकरी पत्करण्याचे कारण नाही, हे त्याने मनाशी पक्के करावे. एटीएमसमोर खुर्ची टाकून बसलेला रक्षक बहुधा एखाद्या एजन्सीचा कंत्राटी माणूस असतो, बँकेचा कर्मचारी नव्हे, हा फरकही रुजू होण्यापूर्वीच लक्षात घ्यावा.

लिपिक पदाला पदवी लागते. पदवी नसली तरी दहावी उत्तीर्ण, आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन किंवा नौदल-हवाई दलातील समकक्ष प्रमाणपत्र आणि किमान पंधरा वर्षांची सेवा असलेला माजी सैनिक अर्ज करू शकतो. माझे मत असे की ही सवलत असली तरी सेवेत असतानाच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून पदवी पूर्ण करावी, कारण पुढे बढतीच्या वेळी तिचा उपयोग होतो. याला एक अपवाद आहे. सशस्त्र रक्षकाच्या काही जाहिरातींत पदवीधरांनाच अपात्र ठरवलेले असते, म्हणून ज्याला रक्षकाचेच काम हवे आहे त्याने आधी जाहिरात वाचावी. अग्निवीरांना योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पदवी हाच सरळ रस्ता उरतो.

आता कागदपत्रे. परीक्षेत नापास झालेले जवान मी पाहिले आहेत, पण निवड होऊन कागदांमुळे अडकलेले पाहताना अधिक वाईट वाटते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे आणि शेवटी वडिलांचे नाव असते, तर डिस्चार्ज बुकात आधी स्वतःचे नाव येते आणि वडिलांचे नाव कधी कधी अजिबातच नसते. आधार कार्डावर तिसराच प्रकार दिसतो. माझ्या स्वतःच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचे पडले होते, आणि ते मला पडताळणीच्या टेबलावर, समोरच्या अधिकाऱ्याने बोट ठेवल्यावर कळले. प्रतिज्ञापत्रावर निभावले खरे, पण नेमणूकपत्र दोन महिने लांबले. युनिटमध्ये असताना अशी दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवेच्या नोंदी बदलणाऱ्या युनिटच्या आदेशाने होते. रिलीजनंतर त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करीत बसावे लागते. घरी येताच जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र घ्यावे. इतर मागासवर्गातील उमेदवाराने जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि नॉन-क्रीमी लेयरच्या उल्लेखासह काढावा, कारण तहसीलमधून सहज हाती पडणारा राज्याचा दाखला येथे चालत नाही. माजी सैनिकांचे आरक्षण समांतर असल्याने निवड झालेला उमेदवार शेवटी आपापल्या सामाजिक प्रवर्गातच धरला जातो, म्हणून हा दाखलाही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत एका तासात शंभर प्रश्न असतात: इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ आणि तर्कक्षमतेचे ३५. प्रत्येक भागाला वीसच मिनिटे मिळतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. इंग्रजीचा भाग वगळता प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते. ती अवश्य घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला शेकडेवारी आणि नफा-तोटा मराठीतच लवकर सुचतो. माजी सैनिकांच्या यादीची कट-ऑफ बहुतेक वेळा खुल्या यादीपेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे सगळे प्रश्न सोडवण्याच्या हव्यासापेक्षा सोडवलेले बरोबर येण्याकडे लक्ष द्यावे. रोज घड्याळ लावून एक सराव परीक्षा देणे हाच खरा अभ्यास आहे, आणि पहाटे उठण्याची सवय आपल्याला आहेच. लिपिक पदाला मुलाखत नसते. स्थानिक भाषेची चाचणी असते, पण दहावीला मराठी विषय होता असे गुणपत्रिकेवरून दाखवता आले, तर स्टेट बँकेत तीही द्यावी लागत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा नागरी नोकरीत रुजू झाले की पुढील नोकरीसाठी माजी सैनिकाचा दर्जा संपतो. मात्र केंद्र सरकारच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशानुसार, रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या पदांसाठी अर्ज केले आहेत त्यांची तारीखवार माहिती नव्या नियोक्त्याला स्वयंघोषणेने दिली असेल, तर त्या अर्जांपुरता लाभ कायम राहतो. म्हणून अर्ज भरला की त्याची तारीख, पद आणि नोंदणी क्रमांक वहीत लिहावा, आणि रुजू होतानाच ती यादी देऊन तिच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रुजू झाल्यावर खरी परीक्षा कॅश काउंटरवर होते. शंभर नोटांचे एक पाकीट, दहा पाकिटांचे एक बंडल, आणि संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. माझ्या दुसऱ्याच दिवशी पाचशे रुपये कमी भरले. कमी पडलेली रक्कम रोखपालाच्या खिशातून जाते, त्यामुळे साडेसात वाजेपर्यंत मी प्रत्येक पाकीट पुन्हा मोजत बसलो. हळदीच्या हाताने दिलेल्या दोन नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. तेव्हापासून मशीनमधून निघालेले पाकीटही मी एकदा हाताने मोजतो. दुसरे पथ्य संगणकाच्या पासवर्डचे. साहेब म्हणाले, सहकारी म्हणाला, तरी आपला पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. वरिष्ठाचा शब्द खाली न पडू देण्याची सवय लागलेल्या माणसाला हे जड जाते, विशेषतः साहेब पंचवीस वर्षांचा असला आणि ‘काका’ म्हणून हाक मारत असला की.

खान्देशातील शाखेत आपल्याकडे एक भांडवल आयतेच असते. शिरपूरकडची एखादी आजी काउंटरवर येऊन ‘दादा, मना पैसा उनात का?’ (माझे पैसे आले का?) असे अहिराणीत विचारते, तेव्हा पुण्याहून आलेला सहकारी गोंधळतो आणि आपण तिचे पासबुक हातात घेतो. पीककर्जाच्या हंगामात, केळी-कापसाच्या शेतकऱ्यांची सातबारा घेऊन रांग लागली की शाखाधिकारी अहिराणी बोलणाऱ्या माणसालाच हाक मारतात.

पगाराचे काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावे. अखेरचे वेतन प्रमाणपत्र, पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून वेतननिश्चितीचा लेखी अर्ज द्यावा. वेतन कशा रीतीने निश्चित होते याचा पेन्शनवरील महागाई सवलतीशी संबंध येतो, म्हणून पर्याय देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची बेरीज कागदावर मांडून पाहावी आणि ठराविक मुदतीत पर्याय लेखी कळवावा. पुढे जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास जास्तीची वेतनवाढ मिळते आणि अधिकारीपदाच्या बढतीलाही तिची मदत होते. तिचा अर्ज परिविक्षा संपताच भरून टाकावा.