टॅपेट घरी सेट करताना या चुका टाळा (जुनी स्प्लेंडर, सीडी १००)

स्प्लेंडर टकटक करायला लागली की शेजारी, मेहुणा, पंपावरचा ओळखीचा, सगळे एकच सांगतात, ‘टॅपेट टाइट करून घे.’ (टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपांची, व्हॉल्व्हची, फट जुळवणारे स्क्रू.) मीही घेतले होते. बाबांची १९९८ची गाडी होती. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत काम झालं आणि इंजिन एकदम गप्प झालं. आम्ही खूश. महिन्याभरात मात्र ती गाडी गरम असताना बंद केली की पुन्हा सुरूच होईना. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची, कड जळून खाल्लेली. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो.

आवाज घालवायला टॅपेट आवळणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा छोटा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. जुन्या सीडी १०० आणि स्प्लेंडरला ती इनलेट (हवा-पेट्रोल आत घेणारा), एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.०५ मिमी. नव्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा.

ही फट राहिली नाही तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (हेडमधल्या, तो टेकतो त्या कडेवर) पूर्ण बसत नाही. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मिनिटात २००० वेळा उघडतो आणि मिटतो. मिटून सीटला टेकतो तेवढ्या क्षणातच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता हेडला देतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? शिवाय व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये उरलेल्या बारीक फटीतून पेटलेला वायू निसटतो आणि कड जाळत जातो.

सैल टॅपेटचा आवाज येतो, म्हणून तो सगळ्यांना कळतो. आवळलेल्याचा आवाज येत नाही. त्याची लक्षणं वेगळी असतात: गरम इंजिनची किक हलकी लागते, गाडी स्लोवर चालू राहत नाही, बंद पडते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट येते. लोक कार्बोरेटर साफ करत बसतात. थोडी टिकटिक ऐकू येणारी जुनी स्प्लेंडर मला गप्प स्प्लेंडरपेक्षा बरी वाटते.

आणि आवाज टॅपेटचाच आहे कशावरून? डाव्या बाजूने खडखड येत असेल, खास करून अ‍ॅक्सिलरेटर सोडताना, तर आधी टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघा. टॅपेट कितीही आवळलेत तरी तो आवाज जाणार नाही.

गरम इंजिनवर मोजणं

होंडाच्या पुस्तिकांत इंजिन ३५ अंशांच्या खाली असावं असं सांगितलेलं असतं. म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी, चहाच्या आधी. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतली गाडीसुद्धा त्या आकड्याच्या वर असते, तिथे तर पहाटच बरी. ‘दोन तास झाले, थंड झाली असेल’ हे चालत नाही.

चुकीच्या खुणेवर थांबणं

मॅग्नेट कव्हरवरची (इंजिनाच्या डाव्या बाजूच्या कव्हरवरची) दोन्ही झाकणं काढा. मोठ्या झाकणातून गोटी पाना लावून इंजिन डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, आणि स्पार्क प्लग काढला तर हात हलका चालतो. छोट्या झाकणातून मॅग्नेटवर दोन खुणा दिसतात, ‘टी’ आणि ‘एफ’. ‘एफ’ इग्निशनची आहे. घाईत तीच आधी दिसते आणि लोक तिथेच थांबतात. आपल्याला ‘टी’ हवी, कव्हरच्या खाचेसमोर नेमकी.

‘टी’ जुळली म्हणजेही काम झालं असं नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दुसऱ्यांदा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा. दोन्हींत बारीक खेळ असेल तर जागा बरोबर. रॉकर घट्ट लागले तर एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा ‘टी’वर या. ही तपासणी न करता घट्ट रॉकर सैल करत बसलेले लोक मी पाहिले आहेत. नंतर गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते.

गेजऐवजी अंदाज

हॅक्सॉ ब्लेड, वहीचा कागद, ‘हाताला कळतं’, यांतलं काहीही फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) नव्हे. साधा छपाईचा कागदच जवळपास ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे हव्या त्या फटीच्या दुप्पट. ०.०५ची पट्टी फार पातळ असते, ढकलली की दुमडते. तिला तेलाचं बोट लावा आणि सरळ सरकवा. हलकी ओढ लागली पाहिजे.

रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी पडते. गेज ०.०५ दाखवतं, खरी फट मोठी असते. बरोबर सेट करूनही टकटक राहते ती बऱ्याचदा यामुळे. तिथे स्क्रू पिळून उपयोग नाही, रॉकर बदलावा लागतो.

बुलेटवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला गेज लागत नाही. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) बोटांत मोकळा फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, एवढं बघतात. ती सवय स्प्लेंडरवर आणली तर फट शून्य होते. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप फट जुळवणारे, टॅपेट आहेत, तिथे सेट करण्यासारखं काही नाही.

चेकनट आवळून लगेच झाकण लावणं

चेकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना आतला स्क्रू सोबत थोडा फिरतो. टॅपेट कीने त्याचं चौकोनी डोकं धरून ठेवा, आणि आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघा. माझं पहिल्या फेरीत क्वचितच जमतं, दोन-तीनदा करावं लागतं. नट बारीक आहे, त्यावर लांब पाना आणि पूर्ण जोर नको.

टॅपेट कॅप (हेडवरची टॅपेटची झाकणं) उघडण्याआधी भोवतीची माती पुसा, नाहीतर ती थेट आत जाते. खालच्या कॅपमधून थोडं तेल गळेल, फडकं धरा. ओ-रिंग कडक झाली असेल तर बदला. कॅप आधी हाताने बसवा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिरके गेले की हेडचंच काम निघतं.

मोजलेले आकडे किलोमीटरसकट वहीत लिहा, स्क्रूला हात लावण्याआधीचे. मी पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहितो. एक्झॉस्टची फट प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी भरत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो आहे. अशी फट दोन-तीनदा भराभर कमी झालेली दिसली, की हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट चांगल्या मशीन शॉपमध्ये दाखवा.