परदेशातल्या चिनी व्यापाऱ्याची मुलाखत कशी घ्यावी

‘देश का सोडलात?’ हा प्रश्न पहिला नकोच. ‘पैसे कमवायला’ एवढं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. मालापासून सुरुवात करा. पहिला माल कुठून उचलला, रोखीने की उधारीवर? कंटेनर एकट्याचा होता की दोघातिघांनी वाटून घेतलेला? यातून माणसं आपोआप पुढे येतात: आधी येऊन स्थिरावलेला मामा, चीनमधल्या यीवू शहराच्या घाऊक बाजारातला ओळखीचा गाळेवाला, भांडवलासाठी नातेवाइकांनी लावलेली भिशी. जुनी बिलं किंवा वही दाखवाल का, असंही विचारा. वही समोर असली की आठवणींना आकडे मिळतात.

मूळ गावाची चौकशी प्रांतावर थांबवू नका. इटली-स्पेनमधले बरेच दुकानदार चच्यांग प्रांतातल्या वनचौ आणि छिंगथ्येनचे, तर दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या लेसोथो देशातले पुष्कळसे फूच्येन प्रांतातल्या फूछिंगचे. दुभाषा त्यावरून ठरतो, कारण वनचौची बोली मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्याला कळत नाही. मात्र दुभाषा त्याच गावचा असेल तर कर्ज, बुडालेली उधारी, भावाभावांतले वाद यांवर माणूस तोंड उघडत नाही; गोष्ट गावी पोहोचेल ही धास्ती असते. असे विषय दुसऱ्या बैठकीला ठेवा आणि समोरच्याला जमत असेल तर बाहेरच्या दुभाष्याकरवी मँडरिनमध्ये बोला.

एका बैठकीला तासभर पुरे, तोही गिऱ्हाईक कमी असताना. चिनी नववर्षाच्या आधीचे आठवडे टाळा. तेव्हा कारखाने बंद व्हायच्या आत माल मागवायची घाई असते.

सालांचा घोळ हमखास होतो. वडीलधारी माणसं पारंपरिक रीतीने वय सांगतात, ते वर्ष-दोन वर्षांनी जास्त भरतं. म्हणून जन्मसालाचा प्राणी विचारा; चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला उंदीर, बैल, वाघ असा एक प्राणी असतो. बारा वर्षांच्या चक्रातून साल पक्कं होतं. इटलीत 1998 आणि 2002, स्पेनमध्ये 2005 साली राहण्याची कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना कायदेशीर करून घेतलं गेलं. ‘त्याच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाने दुकान उघडल्याचं साल बरोबर बसतं.

कागदपत्रांचा विषय स्वतःहून काढू नका. घानाच्या 2013च्या कायद्याने व्यापार करणाऱ्या परदेशी कंपनीला किमान 10 लाख डॉलर भांडवलाची अट घातली आणि बाजारातली किरकोळ विक्री घानाच्या नागरिकांसाठी राखून ठेवली. अशा ठिकाणी ‘दुकान कुणाच्या नावावर?’ हा साधा प्रश्नही माणसाला अडचणीत आणू शकतो. तो निघालाच तर रेकॉर्डर बंद करा. लिहून काढताना नुसतं नाव बदलून भागत नाही. गल्ली, मालाचा प्रकार आणि मूळ गाव एकत्र आलं की ओळखीचे लोक माणूस लगेच हेरतात. तिन्हींपैकी निदान दोन गाळा.