टचपॅड रुसला तरी वेबसाइट कशी चालवायची: कीबोर्ड आणि ब्राउझर सेटिंगचे घरगुती उपाय

फोंड्याला आमच्याकडे जुलैत भिंती घामेजतात, कपाटातले कपडे बुरसतात आणि लॅपटॉपचा टचपॅड आपलंच खरं करायला लागतो. मागच्या पावसात असंच झालं, बाबा एक ऑनलाइन फॉर्म भरत बसलेले आणि कर्सर आपोआप इकडून तिकडे धावत होता, वर त्या साइटची अक्षरं मुंगीएवढी, शेवटी वैतागून "माका कांय दिसना" म्हणत उठले. मग त्यांच्यासाठी जे जे करून दिलं ते इथे लिहितोय. सगळं विंडोजवरचं आहे, मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड दाबा.

पहिलं काम अक्षरं मोठी करायचं. कंट्रोल धरून प्लस दाबत जा, पान मोठं होत जातं, मायनसने लहान आणि कंट्रोल ० ने परत होतं तसं. क्रोम हे प्रत्येक साइटसाठी वेगळं लक्षात ठेवतो, म्हणजे पेपरची साइट एकदा १५० टक्के केली की उद्याही तशीच उघडणार. पण दर साइटवर हे करत बसायचं नसेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अपिअरन्स, तिथे कस्टमाइझ फॉन्ट्स, आणि त्यात मिनिमम फॉन्ट साइझचा स्लायडर थोडा पुढे सरकवा. इंग्रजी बारीक असलं तरी अंदाजाने वाचता येतं हो, मराठीत जोडाक्षरं आणि वरचे रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळले की संपलंच. फायरफॉक्समध्ये तर फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा कमीत कमी आकार ठरवता येतो, मला स्वतःला ही सोय सगळ्यात आवडली.

आता फॉर्म. एका रकान्यात क्लिक करा (टचपॅड तेवढं करू देत नसेल तर टॅब दाबत दाबत पोचा) आणि पुढे टॅबने पुढचा रकाना, शिफ्ट टॅबने मागचा. बरोबरची खूण करायच्या चौकोनावर स्पेसबार दाबायचा. एंटर मात्र जपून, बऱ्याच फॉर्ममध्ये मधेच एंटर मारलं की अर्धवट फॉर्म सबमिट होतो. तालुक्याची लांब यादी आली की माऊसने खाली-वर करायची गरजच नाही, यादीवर टॅबने येऊन पहिलं इंग्रजी अक्षर टाइप करा. पी दाबलं की पेडणे, परत पी दाबलं की फोंडा. बी दाबलं की बार्देश आणि परत बी म्हणजे डिचोली, कारण इंग्रजीत ती बिचोली होते! बाबांना याची एवढी गंमत वाटली की काम नसताना चार वेळा करून बघितलं. काही साइटनी यादी स्वतःच्या पद्धतीने बनवलेली असते तिथे हे चालत नाही, तिथे बाणाची बटणं वापरून बघा.

टॅब दाबताना आपण नेमके कुठे आहोत तेच कळत नसेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा, तिथे फोकस झालेल्या गोष्टीभोवती हायलाइट दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा.

वाचायला बसलात तर एफ ९. एजमध्ये (विंडोजबरोबर येणारा ब्राउझर) आणि फायरफॉक्समध्ये बातमीच्या पानावर हे दाबलं की जाहिराती, बाजूचे फोटो, उड्या मारणारे चौकोन सगळं गायब आणि नुसता मजकूर राहतो. प्रत्येक पानावर होत नाही, मुखपृष्ठावर तर नाहीच, बातमी उघडल्यावर करा. एफ ९ ने भलतंच काहीतरी झालं, आवाज-बिवाज बदलला, तर एफएन बटण धरून दाबा. एजमध्ये कंट्रोल शिफ्ट यू दाबलं की पान वाचूनही दाखवतो आणि मराठी आवाज निवडता येतो, फक्त ते चांगले आवाज नेटवरून येतात त्यामुळे पावसात लाइट आणि नेट दोन्ही गेले की तेही गप्प.

लांबलचक पानात आपलं गाव किंवा नाव शोधायचंय तर कंट्रोल एफ. चुकून ब्राउझरमधली टॅब, म्हणजे उघडलेलं पान, बंद झाली तर कंट्रोल शिफ्ट टी, ती परत येते, पण भरलेला फॉर्म परत येईलच असं नाही, त्यावर विसंबू नका.

आणि ते "नोटिफिकेशन पाठवू का" विचारणारे चौकोन, बाबा प्रत्येकाला हो म्हणायचे! क्रोममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे सगळ्यांना नाही म्हणून टाका, आधी ज्यांना हो म्हटलंय ती नावं खाली दिसतात तीही एकेक करून काढा. आमच्याकडे ती यादी काढता काढता चहा दोनदा गरम करावा लागला.