पबमधला फ्लॅट बघायला जाताय?

लंडनमध्ये घर शोधताना ‘जुन्या व्हिक्टोरियन पबमधला फ्लॅट’ अशी जाहिरात कधी ना कधी समोर येतेच. ‘गुत्त्यात राहणार का?’ हा आईचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा. वास्तूचं मी सांगते.

हे बंद पडून फ्लॅट झालेले पब बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि दारही त्या कापलेल्या कोपऱ्यातच. तळमजल्याला बाहेरून चकचकीत टाइल्स. पूर्व लंडनमध्ये काही ठिकाणी त्यांवर ‘ट्रूमन, हॅनबरी, बक्स्टन’ हे ब्रुअरीचं नाव अजून आहे. बघून जीव हरखतो, पण दुरून डोंगर साजरे.

तळमजल्याचा फ्लॅट म्हणजे बारचाच तुकडा. आत गेलात की आधी छताकडे बघा. कडेची प्लास्टरची नक्षी एखाद्या भिंतीत मध्येच घुसून तुटलेली दिसली, तर ती भिंत नंतर घातलेली. टकटक करून बघा. पोकळ वाजली, तर शेजाऱ्याचा टीव्ही तुमचाच समजा. खिडक्यांच्या खालच्या काचा नक्षीने धूसर केलेल्या असतील, तर पडद्यांचा खर्च वाचतो. वाचलेले पैसे उंच छतामुळे हीटिंगमध्ये जातात.

‘लोअर ग्राउंड’ म्हणजे बिअरची पिंपं उतरवायचं तळघर. भिंती भरीव विटांच्या, ओल धरणाऱ्या. कोपऱ्यात उभं राहून वास घ्या, ताज्या रंगाला भुलू नका.

माझं मत विचाराल तर वरचा मजला घ्या. तिथे बहुधा पबवाल्याचं कुटुंबच राहायचं, त्यामुळे ते मुळातच घर म्हणून बांधलेलं, आणि कोपऱ्यामुळे बऱ्याचदा दोन बाजूंनी उजेड.

इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली, आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा संस्थेच्या यादीत फुकट बघता येतं. असेल तर तिचं रूप बदलणारं काम, अगदी आतलंसुद्धा, कौन्सिलच्या संमतीशिवाय करणं हा गुन्हा आहे. फोडणीचा धूर बाहेर काढायला टाइल्समधून भोक पाडायचा विचारही नको. लिस्टेड नसली तरी गंमत नाही: कार्लटन टॅव्हर्न हा पब विकासकाने 2015 मध्ये परवानगीशिवाय पाडला, तर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला, आणि 2021 मध्ये तो उघडलासुद्धा.

विकत घेत असाल, तर आधीच्या मालकाने केलेल्या बदलांची संमतीपत्रं वकिलाकडून तपासून घ्या. बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते, आणि लिस्टेड इमारतीत ती कितीही वर्षांनी येऊ शकते. भाड्याने घेणाऱ्यांनी स्वयंपाकघरातली चिमणी कुठे आहे आणि खिडकी उघडते का, एवढं तरी बघाच. तळणं तुम्ही सोडणार नाही.