एसक्यूएल प्लसमधनं रिपोर्ट काढताना या चुका टाळा

घरपट्टी, सर्व्हे नंबर असला डेटा ओरॅकल डेटाबेसमध्ये ठेवून एसक्यूएल प्लसमधनं (ओरॅकलवर कमांड टाइप करून क्वेरी चालवायचं टूल) याद्या काढणाऱ्या आपल्या गोव्यातल्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण क्वेरी बरोबर असते, डेटा बरोबर असतो आणि तरी स्क्रीनवरचा पसारा बघून लोक क्वेरीच बदलत बसतात. आधी सेटिंग बघा.

सगळ्यात जास्त त्रास लाइनसाइजचा, म्हणजे एका ओळीत किती अक्षरं मावतात त्याचा. बाय डिफॉल्ट ती 80 असते, आणि कॉलमची रुंदी आतल्या मजकुरावर नाही तर टेबल बनवताना दिलेल्या साइजवर ठरते. गावाचा कॉलम 200 चा असेल तर आत नुसतं ‘केपे’ असलं तरी तो अख्खी ओळ खातो आणि बाकीचे कॉलम खाली पडतात. सेट लाइनसाइज 200 करा, मग कॉलम गाव फॉरमॅट ए15, कॉलम मालक फॉरमॅट ए40 (ए40 म्हणजे 40 अक्षरांची रुंदी) असं एकेकाला द्या. मालकाला मात्र कंजुषी नको, आपल्याकडे ‘दा’, ‘डी’ लावून चार-पाच शब्दांची नावं असतात, तिथे ए20 देऊन वर सेट रॅप ऑफ (जास्तीचा मजकूर खालच्या ओळीत नेणं बंद) केलंत तर आडनाव कापलं जातं आणि एररसुद्धा येत नाही. बरं, कॉलमचं हे फॉरमॅट सेशनभर राहतं, त्यामुळे दुसऱ्या टेबलात त्याच नावाचा कॉलम असेल तर त्यालाही लागतं. काम झालं की क्लिअर कॉलम्स.

आकड्याच्या जागी नुसते #### दिसले तर घाबरू नका, फॉरमॅट 9999 अपुरा पडलाय एवढंच, डेटा जागेवर आहे. आणि बँक अकाउंट नंबर 1.2346ई+11 असा दिसत असेल तर नमविड्थ (आकड्यांची रुंदी) 10 वर आहे, ती 20 करा. मोठा शेरा 80 अक्षरांवर तुटतोय? सेट लाँग वाढवा.

स्पूल करताना, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये काढताना, लोक स्क्रीनवालीच सेटिंग ठेवतात, हे अगदी चुकीचं. पेजसाइज (एका पानावरच्या ओळी) 14 असते म्हणून फाइलमध्ये मधे मधे हेडिंग परत येतं, ओळींच्या शेवटी स्पेस भरतात, खाली किती रो निघाल्या तेही छापलं जातं. फाइलसाठी वेगळी स्क्रिप्टच करा: फीडबॅक ऑफ, ट्रिमस्पूल ऑन, आणि पेजसाइज मोठी, 0 केलीत तर हेडिंगच जातं. टर्मआउट ऑफसुद्धा (स्क्रीनवर आउटपुट न दाखवणं) स्क्रिप्टमधनं चालवलं तरच लागू होतं, हाताने टाइप करून नाही.

12.2 व्हर्जनपासून सेट मार्कअप सीएसव्ही ऑन आलंय (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली फाइल), कॉलसेपने (कॉलममधलं चिन्ह ठरवणारी सेटिंग) स्वल्पविराम घुसडत बसू नका, कारण पत्त्यातच स्वल्पविराम असतात. पण सीएसव्ही थेट डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. सर्व्हे नंबर 12/3 ची तिथे तारीख होते, कोट लावले तरी होते, आणि तशीच सेव्ह केलीत तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याशी काहीच जुळणार नाही. डेटा टॅबमधनं इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा.