दमा असणाऱ्यांनी थंडीत फिरायला जायच्या आधी धूर बघा

थंडी पडली की बेळगावात पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात काका लोकांची गर्दी, हवा फ्रेश असते म्हणे. पण ज्यांना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) हाय त्यांना डिसेंबर-जानेवारीत हीच वेळ सगळ्यात वाईट पडते.

रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन पटकन गार होते, तिला लागून असलेली हवा पण गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, झाकण घातल्यासारखा. मग गाड्यांचा, वीटभट्ट्यांचा, उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा सगळा धूर खालीच कोंडतो. ऊन चढून जमीन तापली की हवा वर उठते, साधारण नऊ-दहाला मोकळं होतं.

म्हणून आधी गॅलरीत उभं राहून शेजारच्या बंबाचा धूर बघा. वर जाऊन विरला तर ठीक. कौलांच्या जरा वर जाऊन तिथंच आडवा पसरला, पट्टा धरून राहिला, तर अजून एक चहा घ्या आणि नऊनंतर निघा. खिडक्या पण तेव्हाच उघडा.

मोबाईलवर आकडा बघायचा तर केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप हाय, पण त्यातला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, 24 तासांच्या सरासरीवर निघतो, त्यामुळं पहाटेचा कोंडलेला धूर त्यात पुरता दिसत नाही. आणि 101 ते 200 ला 'मध्यम' म्हणतात तरी दमेकऱ्याला तेवढ्यात पण त्रास होऊ शकतो.

वारा कुठनं येतोय ते पण बघा की. हिवाळ्यात तो बहुतेक पूर्व-ईशान्येकडनं, आणि तिकडंच गोकाक, रायबाग, अथणीचा ऊसपट्टा. पाचट पेटवलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते आणि बायका वैतागतात, बरोबरच हाय, पण ती राख जाडी, बरीचशी नाकातच अडकते. खरा त्रास पीएम 2.5 चा, म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, दिसत नाहीत, वाऱ्यावर लांब जातात आणि थेट फुफ्फुसात खोल उतरतात. रुमाल बांधून ते थांबत नाहीत, नीट बसणारा एन-95 मास्क लागतो.

पावसाळ्यात हवा धुऊन निघते, मात्र खानापूर साईडला घरातली ओल आणि बुरशीच छाती भरवते. वळवाच्या आधी धुळीचा वारा सुटला की तेवढ्यापुरतं आत बसा.

रोजचा प्रिव्हेंटर पंप (दमा आटोक्यात ठेवणारा इनहेलर) बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करू नका, थंडीच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, आणि लगेच आराम देणारा पंप फिरायला जाताना खिशात ठेवा, कपाटात नको. तो घेऊनही दम कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसायला लागले तर वाफ घेत बसू नका, 108 ला फोन लावा.