ज्वालामुखीजवळच्या जुन्या भूकंपांचे मॅग्निट्यूड ठरवताना या चुका टाळा

यंत्रे येण्यापूर्वीच्या भूकंपाचा अंदाज बांधताना हाती असतात ती पडझडीची वर्णने, जमिनीतील भेगा आणि खणलेल्या चरांत दिसणारे सरकलेले थर. या पुराव्यांवरून मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप, काढण्याची प्रचलित सूत्रे बहुतांशी अशा प्रदेशांतून आली आहेत, जिथे भूकंप जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर होतात. ज्वालामुखीच्या उतारावर ती जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकते आणि बहुतेक वेळा फुगते.

खोलीचा विचार न करता पडझडीवरून आकडा काढणे

ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. एखाद्या गावात हादरा किती जोराचा बसला, म्हणजे तिथली तीव्रता किती होती, हे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेइतकेच भूकंपनाभीच्या (भूकंप जिथे सुरू होतो त्या जमिनीखालच्या जागेच्या) खोलीवरही अवलंबून असते. २६ डिसेंबर २०१८ रोजी सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर झालेल्या भूकंपाचे मॅग्निट्यूड केवळ ४.९ होते, तरीही फ्लेरी गावाच्या परिसरात युरोपीय मापश्रेणीनुसार बारापैकी आठव्या पायरीपर्यंतची तीव्रता नोंदली गेली, कारण भूकंपनाभी अत्यंत उथळ होती. इटलीतील इस्किया या ज्वालामुखी बेटावर २१ ऑगस्ट २०१७ रोजी मॅग्निट्यूड चारच्या आसपास असूनही कासामिच्चोला गावात घरे कोसळली आणि दोन माणसे दगावली. याच गावात १८८३ च्या भूकंपाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले होते. मृतांच्या आकड्याकडे पाहून त्या भूकंपाला प्रचंड मॅग्निट्यूड बहाल करण्याचा मोह होतो, पण बेटावरचा विध्वंस फारच लहान पट्ट्यात एकवटला होता, ही बाब त्याविरुद्ध साक्ष देते.

यावर उपाय असा की केवळ सर्वाधिक तीव्रतेवर न थांबता ती अंतरागणिक कशी घटते ते नकाशावर मांडावे आणि खोली व मॅग्निट्यूड या दोन्ही गोष्टी एकत्रच जुळवून पाहाव्यात. उथळ भूकंपाची तीव्रता काही किलोमीटरांतच झपाट्याने उतरते. म्हणून ‘येथे काहीच जाणवले नाही’ अशी दूरच्या गावातली नोंद कोसळलेल्या घंटाघराच्या वर्णनाइतकीच मोलाची असते. दुर्दैवाने जुन्या कागदपत्रांत ती क्वचितच सापडते. तीव्रतेच्या घटीचे सूत्र त्याच ज्वालामुखीच्या यंत्रनोंदींवरून बनवलेले असावे, शेजारच्या पर्वतरांगेचे उसने घेऊ नये.

भेगेची लांबी थेट सूत्रात घालणे

एटनावरील २०१८ च्या भूकंपात फियांदाका भ्रंशावर (जिथे खडक तुटून सरकतात त्या भेगेवर) सुमारे आठ किलोमीटर लांबीपर्यंत भेगा आढळल्या. पृष्ठावरील भेगेच्या लांबीवरून मॅग्निट्यूड सांगणारे, सर्वत्र वापरले जाणारे १९९४ चे सूत्र या लांबीला सहापेक्षा थोडा मोठा आकडा देते. प्रत्यक्षातील ४.९ आणि सूत्राचा सहावर काही दशांश यांत ऊर्जेच्या हिशोबाने सुमारे साठ पटींचा फरक पडतो. समजा यंत्रे नसती आणि दोनशे वर्षांनी कोणी हीच भेग खणून मोजली असती, तर धोक्याच्या नकाशात केवढा मोठा भूकंप शिरला असता!

भेग लांब असली तरी तुटलेला पृष्ठभाग खोलवर गेलेला नसतो, हे त्यामागचे कारण आहे. त्यामुळे लांबी, रुंदी आणि सरासरी सरक यांच्या गुणाकाराला खडकाच्या दृढता गुणांकाने (खडक किती ताठ आहे त्या मापाने) गुणून भूकंपीय आघूर्ण, म्हणजे भूकंपाच्या आकाराचे माप, काढणे आणि त्यावरून मॅग्निट्यूड ठरवणे अधिक सुरक्षित ठरते. मात्र तिथेही दृढतेचे ३० गिगापास्कल हे नेहमीचे मूल्य डोळे झाकून घेऊ नये. पाच किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर सरकलेल्या पृष्ठभागाला ते मूल्य धरल्यास मॅग्निट्यूड सुमारे ५.२ येते, तर राख व लाव्ह्याच्या ठिसूळ थरांसाठी १० गिगापास्कल धरल्यास सुमारे ४.९. रुंदीचा अंदाज चुकला तर फरक याहून मोठा पडतो, म्हणून आधी तिच्याकडे लक्ष द्यावे.

प्रत्येक सरक भूकंपाचीच मानणे

शिलारस भिंतीसारखा वर घुसतो तेव्हा त्याच्या माथ्यावरची जमीन मोठा भूकंप न होताही फाटते आणि खचते. इथिओपियातील दब्बाहू येथे २००५ साली सुमारे ६० किलोमीटर लांबीची डाइक, म्हणजे शिलारसाची अशी भिंत, घुसली आणि जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत फाकली, पण भूकंपांत मुक्त झालेले आघूर्ण एकूण हालचालीच्या अगदी थोड्या भागाएवढेच होते. एटनावरचे काही भ्रंश तर भूकंपाविनाही हळूहळू सरकत राहतात. चरात मीटरभर सरक दिसली, तर ती एका झटक्यात झाली की थोडी-थोडी साचली, हे थरांच्या वयावरून आणि भेगेत भरलेल्या मातीच्या टप्प्यांवरून तपासल्याशिवाय आकडा लिहू नये.

जुन्या कागदपत्रांतही अनेक हादऱ्यांची अशीच एकत्र गोळाबेरीज होते. हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीच्या शिखरावर २०१८ च्या उन्हाळ्यात पाचहून थोड्या अधिक मॅग्निट्यूडचे साठहून जास्त हादरे बसले. अशा मालिकेचे वर्णन जुन्या बखरकाराने ‘मोठा भूकंप’ एवढ्याच शब्दांत केले असते. राखेच्या भाराने खचलेली छपरेही भूकंपाच्या खात्यातून वगळावी लागतात.

ज्वालामुखी म्हणजे लहानच भूकंप, असे गृहीत धरणे

वरील खबरदारी घेताना उलट टोक गाठणेही बरोबर नाही. हवाईत २ एप्रिल १८६८ रोजी झालेल्या भूकंपाचे मॅग्निट्यूड तीव्रतेच्या नोंदींवरून सुमारे ७.९ मानले जाते. ज्वालामुखीची अख्खी बगल, म्हणजे एका बाजूचा संपूर्ण उतार, तिच्या तळाशी असलेल्या जवळजवळ आडव्या भ्रंशावरून समुद्राकडे सरकली की असे घडते. अशा वेळी तीव्रता दूरवर टिकून राहते, किनारा खचतो आणि त्सुनामी येते. या तिन्ही खुणा सापडल्या तर उथळ भूकंपाची गृहीतके बाजूला ठेवावीत. हवाईतल्याच कालापाना येथील २९ नोव्हेंबर १९७५ च्या भूकंपाला आधी पृष्ठतरंगांवरून (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूकंपलहरींवरून) ७.२ आकडा दिला गेला होता, आघूर्णावरून तो ७.७ झाला. जुन्या यादीतला आकडा नव्या यादीशेजारी मांडण्यापूर्वी तो कोणत्या मापश्रेणीतला आहे ते पाहावे, आणि अंदाज एकाच दशांश आकड्यात न देता खोलीच्या गृहीतकासह किमान व कमाल मर्यादांमध्ये द्यावा.